एकसारखं दिसणारं, तीन तऱ्हांनी लिहिलेलं

लॅपटॉप चालू केला की काळ्या पडद्यावर एकच ओळ यायची आणि सेकंद मोजत बसायची. एका डिस्कची वाट बघतोय, मर्यादा दीड मिनिट. ते दीड मिनिट संपलं की डेबियन, म्हणजे माझ्या लॅपटॉपवरचं लिनक्स, पुढे जायचं सोडून आणीबाणीच्या कवचात, म्हणजे इमर्जन्सी मोडमध्ये, उतरायचं आणि रूटचा पासवर्ड मागायचं.

कारण मला माहीत होतं. या लॅपटॉपमध्ये दोन डिस्क आहेत. पहिलीवर डेबियन १२, दुसरीवर फोटो, जुनी कामं, बॅकअप. आदल्या दिवशी दुसरी डिस्क नव्याने फॉरमॅट केली होती. फॉरमॅट केलं की तिचा यूयूआयडी, म्हणजे तिची ओळखपट्टी, बदलतो. कोणती डिस्क कुठे जोडायची हे सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमध्ये मात्र जुनाच लिहिलेला. सिस्टिमडी, म्हणजे सुरू होताना सगळं उभं करणारं सॉफ्टवेअर, त्या जुन्या ओळखीची डिस्क शोधत ९० सेकंद थांबतं, आणि ती मिळाली नाही तर पुढे जायला नकार देतं. नॅनो या एडिटरमध्ये फाइल उघडली, ती ओळ वगळली जावी म्हणून तिच्या आधी हॅशचं चिन्ह टाकलं, पुन्हा सुरू केलं. लॅपटॉप नीट चालू झाला.

पण ही तात्पुरती मलमपट्टी होती. मला पक्कं आठवत होतं की काही वर्षांपूर्वी अगदी हेच घडलं होतं, तेव्हा मी नीट उपाय शोधला होता आणि तो लिहूनही ठेवला होता. दोन पर्याय जोडायचे होते, आणि पुन्हा सुरू करण्याआधी फाइल तपासून घेणारी एक आज्ञा होती. ती आज्ञा काही केल्या आठवेना. मॅन पानं, म्हणजे आज्ञांची माहितीपानं, वाचून ती मिळालीच असती. पण स्वतःचं टिपण असताना सगळं पहिल्यापासून कशाला वाचायचं?

माझी टिपणं साध्या मजकुराच्या फाइलींत आहेत. एकाच फोल्डरमध्ये, बदलांचा इतिहास राखणाऱ्या गिटच्या ताब्यात, हजाराच्या वर. फोनवर लिहिलेली टिपणं दोन यंत्रांतल्या फाइली जुळवून ठेवणाऱ्या सिंकथिंगमधून त्याच फोल्डरमध्ये येतात. कुठलंही खास टिपणांचं ॲप नाही. साधा मजकूर कुठल्याही यंत्रावर उघडतो आणि ग्रेपने, म्हणजे फाइलींत शब्द शोधणाऱ्या आज्ञेने, शोधता येतो, या एका गोष्टीवर मी ही सगळी मांडणी उभी केली आहे.

टर्मिनल उघडलं आणि ग्रेपला सांगितलं, 'दुसऱ्या डिस्क' शोध. तीन ओळी आल्या. तिन्ही भलत्याच.

नुसतं 'डिस्क' शोधलं तर ओळींचा पूर आला. त्या वाचत खाली जाताना एका ओळीवर नजर अडकली: 'दुसऱ्या डिस्कचा आवाज वाढलाय, स्मार्टचा अहवाल बघायचा.' डोळ्यांसमोर स्पष्ट 'दुसऱ्या डिस्क' लिहिलेलं, आणि आत्ताच ग्रेप म्हणाला होता की असल्या ओळी फक्त तीन आहेत.

पहिला संशय टर्मिनलवर. बहुतेक टर्मिनल एकेका अक्षरासाठी ठरावीक रुंदीचा चौकोन राखून ठेवतात आणि देवनागरीची जोडाक्षरं त्या चौकोनांत नीट बसत नाहीत. वेलांट्या सरकतात, मात्रा शेजारच्या अक्षरावर जातात. म्हणून टर्मिनलमध्ये दिसतं त्यावर मी फारसा विश्वास ठेवत नाही. फाइल एडिटरमध्ये उघडली. तिथे 'दुसऱ्या' सुबक, डोळ्यातल्या पापणीसारखा वळलेला अर्धा र आणि पुढे या. मी टाइप केलेला शब्द तिच्याखाली लिहिला. दोन्ही हुबेहूब.

मग फाइलीतला शब्द उचलून ग्रेपला चिकटवला. आता नव्याच ओळी आल्या आणि आधीच्या तीन गायब झाल्या.

हे बघून मी डिस्क विसरले. हजारभर टिपणांतला शोध किती वर्षं अर्धवट चालला होता कुणास ठाऊक. 'सापडलं नाही' म्हणजे 'लिहिलेलं नाही' असं मी कितीदा तरी धरून चालले असणार.

दोन्ही शब्द वेगवेगळ्या फाइलींत ठेवले आणि बाइट मोजले. फोनवरून आलेला 'दुसऱ्या' २१ बाइटांचा, मी लॅपटॉपवर टाइप केलेला २४ बाइटांचा. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे मजकूर बाइटांत साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. म्हणजे माझ्या शब्दात एक चिन्ह जास्त होतं आणि ते दिसत नव्हतं.

ओडी नावाची जुनी, छोटी आज्ञा आहे. फाइलीतले बाइट जसेच्या तसे, ऑक्टल म्हणजे आठाच्या पायावरच्या आकड्यांत छापून देते. तिच्यापुढे दोन्ही शब्द ठेवले. सुरुवातीचे द, उकार आणि स सारखेच होते. मग फोनच्या शब्दात ३४० २४४ २६१ आणि पाठोपाठ हलन्ताचे ३४० २४५ २१५. माझ्या शब्दात ३४० २४४ २६०, मग तोच हलन्त, आणि त्यानंतर ३४२ २०० २१५. हे शेवटचं त्रिकूट म्हणजे झीरो विड्थ जॉइनर: शून्य रुंदीचा, अदृश्य जोडक.

आता प्रकार कळला. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या मानकात, साधा र वेगळा, त्याचा क्रमांक ०९३०. नुक्ता, म्हणजे खाली टिंब, असलेला ऱ वेगळा, क्रमांक ०९३१. साध्या र ला हलन्त लावून पुढे व्यंजन लिहिलं तर रफार होतो: सूर्य, आर्य. आपल्याला 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'तऱ्हा' यांत रफार नको असतो, पापणीसारखा र हवा असतो. युनिकोडच्या नियमांत तो मिळवण्याची मुख्य वाट म्हणजे ऱ आणि हलन्त. ही पद्धत आयएससीआयआय या भारतीय मानकातून आली; युनिकोडचा देवनागरी विभागच आयएससीआयआयच्या १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेला आहे. त्याखालोखाल एक पोटनियम आहे: युनिकोड २.० शी सुसंगती राहावी म्हणून साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडक असं लिहिलं तरी पापणीचाच र दाखवायचा. दोन्ही वाटा वैध. अक्षरांची जुळणी करणारं हार्फबझ, फाँट आणि पडदा, सगळे मिळून दोन्हींचं एकच चित्र काढतात. ते काढतात हे उत्तमच. वाचणाऱ्याला काही फरक पडू नये. पण ग्रेप चित्र बघत नाही. तो बाइट बघतो, आणि त्याच्या दृष्टीने हे दोन पूर्ण वेगळे शब्द आहेत.

हिंदी लिहिणाऱ्याला ही अडचण क्वचितच येईल, कारण हिंदीत हा र लागतच नाही. मराठीत मात्र तो पावलोपावली आहे. करणाऱ्या, येणाऱ्या, दुसऱ्या, साऱ्या, उताऱ्यांच्या, किनाऱ्यावर. कुठलंही पान घ्या.

आता मला दोन रूपं माहीत होती. दोन्हींनी शोधून पाहिलं. बरीच टिपणं वर आली, पण हवं ते नाहीच.

तिसरं रूप मला गिटने दाखवलं. हे सगळं नवीन बसवलेल्या प्रणालीवर चाललं होतं, म्हणून गिटची एक सवय बदलायची राहून गेली होती. फाइलीचं नाव इंग्रजी अक्षरांबाहेरचं असेल तर गिट ते नाव न दाखवता त्याचे ऑक्टल आकडे दाखवतं. कोअर-कोटपाथ हा पर्याय बंद केला की नावं नीट दिसतात, आणि मराठीत फाइलींना नावं देणारा माणूस तो पहिल्याच दिवशी बंद करतो. त्या दिवशी तो चालू होता हे बरं झालं. फोल्डरमध्ये फाइल-व्यवस्थापकाला एकाच नावाच्या दोन फाइली दिसत होत्या, 'दुसऱ्या सत्राची टिपणं'. एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली असूच शकत नाहीत. गिटच्या यादीत मात्र एकीच्या नावात ३४० २४४ २६१ होतं आणि दुसरीच्या नावात ३४० २४४ २६०, लगेच ३४० २४४ २७४. साधा र आणि त्याला वेगळा जोडलेला नुक्ता.

म्हणजे ऱ हे एक चिन्ह न ठेवता कुणीतरी त्याचे दोन तुकडे केले होते. आणि कुणी केले तेही लक्षात आलं. काही वर्षांपूर्वी मी फोनवर एक वेगळं टिपणांचं ॲप वापरायचे. ते सोडताना त्यातलं सगळं एका गाठोड्यात निर्यात करून घेतलं होतं. त्या गाठोड्यातल्या सगळ्या फाइलींत अक्षरं अशी सुटी केलेली होती. युनिकोडमध्ये हेही वैध आहे. याला विघटित रूप म्हणतात. या रूपातला 'दुसऱ्या' पुन्हा २४ बाइटांचा. अदृश्य जोडकवाल्याइतकाच लांब, तरी त्याच्याशी न जुळणारा.

इथे थोडं थांबून सांगावंसं वाटतं. माझ्या फोल्डरमध्ये टिपणांचे तीन थर होते: जुन्या फोनवरचे, नव्या फोनवरचे आणि लॅपटॉपवरचे. शोध मी नेहमी लॅपटॉपवर बसून घ्यायचे, म्हणून मला फक्त लॅपटॉपवर लिहिलेलं सापडायचं. आणि फोनवर मी काय लिहिते? लॅपटॉप बंद पडलेला असतो तेव्हाची टिपणं. बूट होत नाही, पडदा काळा आहे, वायफाय मेलंय, अशा वेळी हातात फोनच असतो. सगळ्यात जास्त गरजेची टिपणं नेमकी तीच, आणि नेमकी तीच शोधाबाहेर राहिली होती.

तिसऱ्या रूपाने शोधायचा मोह आवरला. आधी हा गोंधळ मुळापासून निस्तरायचा असं ठरवलं. आणि इथे माझ्याकडून मोठी चूक झाली.

अदृश्य चिन्हामुळे घोळ होतोय ना, मग ते काढूनच टाकू, असा विचार केला. मजकुरात बदल करणाऱ्या सेड या आज्ञेला सांगितलं, सगळ्या फाइलींतून तो जोडक पुसून टाक. आज्ञा क्षणात संपली. पहिली फाइल उघडली तर 'दुसर्या'. रफार. पुढच्या ओळीत 'वार्यावर'. साहजिकच होतं: साधा र आणि हलन्त यांच्यापुढचा जोडक गेला की उरतो तो रफारच. हे तरी नजरेला खटकणारं, दुरुस्त करता येण्याजोगं. खरी भीती पुढे वाटली. एका जुन्या टिपणात डोंगरातल्या 'दऱ्या' होत्या, त्यांचा 'दर्या' झाला. 'आचाऱ्यांना' होतं तिथे 'आचार्यांना' झालं. हे सगळे बरोबर मराठी शब्द आहेत. दऱ्या आणि दर्या, स्वयंपाक करणारे आचारी आणि शिकवणारे आचार्य. दोघांत फरक करणारी एकच खूण होती आणि ती मी पुसली होती. यंत्राला आता मूळ शब्द कोणता होता हे सांगता येणार नाही. शुद्धलेखन तपासणाऱ्यालाही नाही. शिवाय काही टिपणांतल्या इमोजी फुटल्या. कुटुंबाचं एक चित्र होतं त्याची सुटी सुटी माणसं झाली, कारण ती चित्रं जोडायलाही हाच जोडक वापरतात.

गिट होतं म्हणून वाचले. रिस्टोअरची एक आज्ञा आणि सगळ्या फाइली आधीसारख्या. पण त्या दोन मिनिटांत एक मत पक्कं झालं. मराठी लिहिताना पापणीचा र अदृश्य जोडकाने लिहू नये. तो नियमात बसतो हे खरं, पण मजकूर एका ठिकाणाहून दुसरीकडे नेताना कितीतरी प्रोग्रॅम 'नको असलेली अदृश्य चिन्हं' साफ करतात, अगदी मी केलं तसं, चांगल्या हेतूने. आणि मग शब्दाचा अर्थच बदलतो. ऱ वापरला तर हरवण्यासारखं काही उरतच नाही. खूण अक्षराच्या आतच असते.

दुसऱ्या खेपेला सावकाश गेले. पायथनमध्ये दहा-बारा ओळींची स्क्रिप्ट लिहिली. साधा र, हलन्त आणि जोडक असा तिघांचा क्रम जिथे सलग सापडेल तिथेच ऱ आणि हलन्त घालायचा, बाकी जोडकांना हात लावायचा नाही. त्यानंतर युनिकोडडेटा या मोड्यूलमधलं नॉर्मलाइझ चालवायचं, एनएफसी प्रकाराने. ते सुटा र आणि सुटा नुक्ता जोडून पुन्हा एकच ऱ करतं. एनएफसी जोडकवाल्या रूपाला मात्र हात लावत नाही, कारण युनिकोडच्या लेखी ती वेगळीच अक्षरमाळ आहे. म्हणून ती पायरी आपल्यालाच करावी लागते.

आधी फोल्डरच्या प्रतीवर चालवलं आणि गिटच्या डिफमध्ये, म्हणजे आधी-नंतरच्या फरकात, प्रत्येक बदल वाचला. सगळे नाही, पण काहीशे तरी. एक अनपेक्षित गोष्ट दिसली. काही हिंदी उताऱ्यांतला ड़ उलट सुटा झाला होता, ड वेगळा आणि नुक्ता वेगळा. मला वाटलं स्क्रिप्ट चुकली. चुकली नव्हती. क़, ड़, ढ़ अशी काही अक्षरं एनएफसीमधून मुद्दाम वगळलेली आहेत. ती जोडलेली असली तरी एनएफसी त्यांना सोडवतं. ऱ मात्र त्या वगळलेल्या यादीत नाही. पडद्यावर फरक पडत नाही आणि सगळीकडे एकच रूप झालं, म्हणून तसंच राहू दिलं.

फाइलींच्या नावांवरही तीच स्क्रिप्ट चालवली. 'दुसऱ्या सत्राची टिपणं' या जोडीपैकी एकीचं नाव हाताने बदलावं लागलं, नाहीतर दुसरीवर लिहिली गेली असती.

आता मूळ. माझ्या लॅपटॉपवर हा जोडक येतो कुठून? मी आयबस या टायपिंगच्या प्रोग्रॅममधून ध्वन्यात्मक पद्धतीने टाइप करते आणि त्याच्या मागे एम१७एन नावाची लायब्ररी आहे. (मल्टिलिंग्वलायझेशन या लांबलचक शब्दातल्या एम आणि एन यांच्या मध्ये १७ अक्षरं, म्हणून हे नाव.) तिचे कळांचे नियम म्हणजे साध्या मजकुराच्या तक्ता-फाइली: एका बाजूला कोणत्या कळा, दुसऱ्या बाजूला कोणती अक्षरं. घरच्या फोल्डरमध्ये त्याच नावाच्या लपलेल्या फोल्डरात आपला तक्ता ठेवला की तोही वाचला जातो. माझा तक्ता असाच, कितीतरी वर्षांपूर्वी कुठूनतरी उचललेला आणि यंत्रामागून यंत्र सोबत नेलेला. उघडला. पापणीच्या र ची एकच ओळ, आणि त्या ओळीत तो जोडक बसलेला. दिसत नव्हताच, ओडीने दाखवला. ती ओळ बदलली, आयबस पुन्हा सुरू केलं, 'दुसऱ्या' टाइप केलं, बाइट मोजले. २१.

इतकी वर्षं हजारो शब्दांत गेलेलं ते चिन्ह एका ओळीतून येत होतं. आणि ती ओळ मला उघडता आली, वाचता आली, बदलता आली. याचा मला खरोखर आनंद झाला. कळ दाबल्यापासून अक्षर उमटेपर्यंतच्या रस्त्यातला प्रत्येक टप्पा उघडा आहे, म्हणून मी पोचू शकले. बंद खोकं असतं तर 'मराठी शोध नीट चालत नाही' एवढंच म्हणून सोडून दिलं असतं.

पुन्हा असं शिरू नये म्हणून गिटला एक पहारेकरी दिला. कमिट, म्हणजे बदलांची नोंद, होण्याआधी चालणारा प्री-कमिट हुक: नव्या मजकुरात र, हलन्त आणि जोडक असा क्रम सापडला किंवा मजकूर एनएफसीमध्ये नसला तर कमिट थांबवायचं आणि फाइलीचं नाव सांगायचं. इमोजींना त्रास नाही.

हातासरशी ॲ कडेही पाहिलं. तिथेही तीन रूपं निघाली. ऍ, म्हणजे ए वर चंद्र, क्रमांक ०९०डी. अ आणि वेगळा चंद्र. आणि मराठीचा ॲ, क्रमांक ०९७२, जो युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आला. ही तिन्ही एनएफसीने एक होत नाहीत. स्क्रिप्टमध्ये दोन ओळी वाढवल्या आणि 'ॲप' शोधल्यावर सगळी ॲपं मिळू लागली.

मग पुन्हा टर्मिनल. ग्रेप, 'दुसऱ्या डिस्क'. पहिल्यांदा तीन ओळी आल्या होत्या, आता पडदा भरून वर सरकला. आठवी-नववी ओळ जुन्या फोनवरच्या टिपणातली होती. फाइल उघडली. घाईघाईत लिहिलेली, विरामचिन्हं नाहीत:

'दुसऱ्या डिस्कचा यूयूआयडी बदलला की बूट अडकतं एलएसबीएलके वजा एफ ने नवीन बघ एफएसटॅबमध्ये नोफेल टाक म्हणजे डिस्क नसली तरी पुढे जातं एक्स-सिस्टिमडी डिव्हाइस टाइमआउट ५ सेकंद रीबूटच्या आधी फाइंडएमएनटी व्हेरिफाय विसरू नकोस'

फाइंडएमएनटी व्हेरिफाय. हीच ती आज्ञा. एफएसटॅब वाचून त्यातल्या चुका पुन्हा सुरू करण्याआधीच सांगते.

नवीन यूयूआयडी टाकला, हॅश काढला, नोफेल आणि टाइमआउट हे दोन्ही पर्याय जोडले आणि तपासणी चालवली. एक चूक निघाली: जोडणीचं फोल्डर मी जुन्या नावाने लिहिलं होतं आणि ते आता अस्तित्वातच नव्हतं. फोल्डर बनवलं, पुन्हा तपासलं, चूक नाही. लॅपटॉप पुन्हा सुरू केला. सेकंद मोजणारी ओळ आली नाही, दुसरी डिस्क जागेवर होती.

त्या टिपणाच्या खाली तारीख टाकून लिहिलं: फोल्डर आहे का तेही बघ. सेव्ह केलं, कमिट केलं. पहारेकऱ्याने अडवलं नाही.